स्वच्छ टाकी

१

सकाळचं पहिलं काम म्हणजे शिंपले धुणं. किनाऱ्यावरच्या ठरलेल्या ठिकाणांहून जाळीच्या पिशव्या यायच्या. मी आणि मास्तर प्रयोगशाळेच्या सिंकपाशी उभे राहून ब्रशने चिखल खरवडायचो, बोथट सुरीने शिंपले उघडायचो आणि आतलं मांस चाळणीत निथळत ठेवायचो. मग मिक्सर. घरी असतो तसाच, फक्त झाकणावर लाल रंगात लिहिलेलं : खाण्यासाठी नाही. त्यातून निघालेला करडा लगदा आम्लात उकळायचा, गाळायचा आणि यंत्राला पाजायचा. यंत्र पडद्यावर रेघ काढतं. रेघ सपाट राहिली तर खाडी स्वच्छ. ठराविक जागी टेकाड उठलं तर शिंपल्यांत विष उतरलंय, आणि खाडी बंद, म्हणजे कुणी शिंपले काढायचे नाहीत.

हे विष कुणी कालवत नाही. समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शैवाल ते तयार करतं, आणि शिंपले ते शैवाल खातात. त्यांना काही होत नाही. विषाला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. खाणाऱ्याच्या ओठांना आधी मुंग्या येतात, मग जीभ जड होते, मग हातपाय, मग छातीचा भाता थांबतो. शुद्ध मात्र शेवटपर्यंत शाबूत असते. हे शेवटचं वाक्य मी शाळाशाळांत जाऊन सांगितलंय. मुलं गप्प होतात. व्हायलाच हवीत.

दूर शिकायला गेलेली मी परत आले ती याचसाठी. तिथे चांगली नोकरी मिळत होती. पण माझ्या माणसांनी काय खावं हे नशिबावर सोडून मी तिकडे परक्यांचं पाणी तपासत बसणार होते का? आल्याआल्या दोन गोष्टी केल्या. पूर्वी इथे उंदराला शिंपल्यांचा अर्क टोचून तो किती वेळात मरतो त्यावरून विष मोजत. ते बंद केलं, पिंजरे विकून टाकले. आणि दुसरं म्हणजे स्वच्छ टाकी बांधून घेतली.

त्याचं कारण असं. यंत्राच्या आतला मळसुद्धा कधीकधी खोटं टेकाड काढतो. म्हणून ज्यात विष असूच शकत नाही असा एक नमुना रोज सगळ्यांबरोबर चालवायचा. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँकमध्ये जे टेकाड दिसेल ते यंत्राचं, आणि तेवढं बाकी सगळ्यांतून वजा करायचं. त्या ब्लँकसाठी शिंपले हवेत ते टाकीत वाढवलेले, गाळलेल्या पाण्यातले, बरणीतल्या निरुपद्रवी शैवालावर पोसलेले.

"म्हणजे हे सरकारी जावई," मास्तर म्हणाले होते. "खायचं, प्यायचं, आणि काही नाही म्हणून सही ठोकायची."

मास्तर कधी शिक्षक नव्हते. येताजाता लोकांच्या चुका काढतात म्हणून त्यांना ते नाव पडलं.

२

टाकीची खोली मागच्या बाजूला, जिना उतरून. तिची एकच खिडकी शेजारच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडे उघडते. टाकी गव्हाणीसारखी लांबट, कमरेइतकी उंच, खिडकीपासून दारापर्यंत. तळाशी वाळू, वर वीतभर पाणी, आणि वाळूवर शिंपले तोंडं किंचित उघडी टाकून पडलेले.

त्यांना डोळे नसतात, पण उजेड कळतो. सावली पडली की तोंड मिटतं. मी टाकीच्या कडेने चालत गेले की माझ्याबरोबर टक्, टक्, टक् असा आवाज पुढे सरकायचा, कुणी फरशीवर चिंचोके टाकत चालल्यासारखा. मी पुढे गेले की मागचे हळूहळू पुन्हा उघडायचे. मला ते आवडायचं. त्या खोलीत कुणीतरी आपली दखल घेतं असं वाटायचं.

त्या दिवशी मी दाराशी उभी राहून बरणीतलं शैवाल मापात ओतत होते. हात तेवढा हलत होता, तोही टाकीपासून दूर. खिडकीच्या टोकाला टक् झालं.

मी वर पाहिलं नाही. मग दुसरं टक्. तिसरं. आवाज टाकीच्या कडेने माझ्याकडे येत होता. घाईत नाही. काहीतरी बघत बघत यावं त्या चालीने. माझ्यापासून हातभर अंतरावर तो थांबला.

खिडकीकडचे शिंपले आता उघडायला लागले होते, मिटले होते त्याच क्रमाने. माझ्यासमोरचे मात्र मिटलेलेच राहिले.

ढग, मी स्वतःला सांगितलं. पण ढगाने सगळे एकदम मिटले असते. पक्षी असता तर सावली सर्रकन गेली असती. मग राहिला पाण्याचा पंप. पंपाचा हादरा बसत असेल, एका टोकाकडून दुसरीकडे. हे पटण्यासारखं होतं. मी बरणीचं झाकण लावलं आणि वर आले. पंप बंद होता हे मला जिन्यातच आठवलं.

"मास्तर, खाली कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? माशांचा वास आमच्या सासुरवाडीलासुद्धा सोसत नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो?"

"शिंपले आपोआप मिटतायत."

"तुमची धास्ती घेतली असेल, मॅडम. मिक्सर कोण चालवतं ते त्यांनाही कळतं."

३

त्याच आठवड्यात ब्लँकमध्ये टेकाड उठलं.

लहानसंच, पण अगदी विषाच्या जागेवर. मी यंत्र धुतलं, नळ्या बदलल्या. पुढच्या खेपेला टेकाड वाढलेलं. खाडीच्या नमुन्यांतही होतंच. खाडी गेले कित्येक आठवडे बंद होती आणि सगळे डोळे लावून बसले होते. मास्तरांनी नियमाप्रमाणे ब्लँक वजा केला, आणि खाडीच्या सगळ्या रेघा इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट झाल्या.

"सुटली खाडी," मास्तर म्हणाले.

"थांबा. इतका मोठा ब्लँक वजा करणं बरोबर नाही."

"यंत्र मळलंय, एवढंच. उंदरांच्या वेळी ही भानगड नव्हती बघा. उंदराला ब्लँक लागत नाही. मेला की मेला."

"ते क्रूर होतं."

"होतं ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण वजाबाकी नव्हती."

मी साहेबांकडे गेले. खाडी उघडायची सही त्यांची; ते निवृत्तीला आलेले. रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर उघड्याच ठेवतात, आलेल्याने आवाज चढवू नये म्हणून. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या.

"वजा करायचा नियम कुणाचा?"

"माझा, सर."

"अहो, मग तुम्हीच आम्हाला शिकवलंत आणि आता तुम्हीच नको म्हणता? तुमचे वडीलसुद्धा तिथेच तराफे टाकून बसलेत. लोक काय म्हणतील? घरच्यांनाही सोडत नाही असं दाखवायचंय का, म्हणून विचारतील."

"मला अजून एक चाचणी करू द्या."

"करा. पण लवकर करा. बाहेर माणसं कावलीत."

४

बाबांचे तराफे खाडीच्या तोंडाशी आहेत. तराफ्याखाली दोर सोडलेले, दोरांना शिंपले लगडलेले. सगळा जन्म ओले दोर ओढून त्यांचा डावा खांदा खाली उतरलाय. गर्दीत तोंड दिसलं नाही तरी मी त्यांना खांद्यावरून ओळखते.

त्यांचा एक हट्ट आहे. नवी खेप निघाली की पहिलं पातेलं ते स्वतः खातात आणि मगच माल बाजारात जातो. "जे माझ्या ताटात नाही ते दुसऱ्याच्या ताटात कोणत्या तोंडाने वाढू?" लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. पुढे विषाचा अभ्यास करताना प्रत्येक आकृतीत, जीभ जड झालेला तो बिननावाचा माणूस, मला बाबांच्या चेहऱ्याचाच दिसायचा. खरं सांगायचं तर मी एवढं शिकले ते या एका पातेल्यासाठी.

दुपारी त्यांचा फोन आला.

"काय डॉक्टरीणबाई? समुद्राचा ताप उतरला का?"

"अजून बघतेय, बाबा."

"बघ, बघ. नाडी नीट धर. इकडे शिंपले इतके माजलेत की तराफे बुडवतील. आई मावशीकडे गेलीय, घरात मी एकटा, आणि खायला रोज भात आणि तुझ्या आईचं लोणचं. तुझ्या यंत्राला सांग, एका म्हाताऱ्याचा तळतळाट लागेल."

"बाबा, मी सांगेपर्यंत काढू नका काही."

"बरं बाई. तुझा कागद आल्याशिवाय मी दोराला हात लावत नाही. झालं?"

ते हसत होते. मी फोन ठेवला आणि काळा पुठ्ठा घेऊन खाली गेले. खिडकी पूर्ण झाकली, फटींना चिकटपट्टी लावली. आता उजेड फक्त छताच्या दिव्याचा, टाकीवर सरळ पडणारा. माझ्या आणि टाकीच्या मधे कुणी नाही, टाकीच्या पलीकडे भिंत. मग मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

बराच वेळ काहीच झालं नाही. पाणी झिरपत होतं. शिंपले उघडे होते, त्यांच्या फटींतून मांसाची फिकट किनार दिसत होती. मला स्वतःचं हसू यायला लागलं. एवढं शिकून आलेली बाई पुठ्ठे चिकटवून भुतं धरायला बसलीय.

टक्.

या वेळी आवाज झाकलेल्या खिडकीपासून निघाला आणि निम्म्यात थांबला. तिथे तो रेंगाळला. त्या एकाच जागेचे शिंपले मिटत, जरा उघडत, पुन्हा मिटत होते. उभं राहिलेल्या माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा तसे.

मी दार उघडून बाहेर आले. आपण ते मागे लावून घेतलंय आणि कडी घातलीय, हे मला वर पोहोचल्यावर कळलं. रिकाम्या खोलीला कडी.

५

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. काम असलं की माझं डोकं ठिकाणावर असतं. टाकीचं पाणी तपासलं : स्वच्छ. बरणीतलं शैवाल : स्वच्छ. यंत्राला नुसतं आम्ल पाजलं : रेघ सपाट. म्हणजे यंत्र मळलेलं नव्हतंच. विष खरोखर टाकीतल्या शिंपल्यांत होतं. कुठून आलं ते बाजूला ठेवा. वजाबाकी चुकीची होती. यंत्राचा दोष म्हणून आम्ही जे काढून टाकत होतो ते खरं विष होतं, आणि खाडीच्या नमुन्यांतही तेवढंच खरं होतं. खाडी बंदच राहायला हवी.

खात्रीसाठी टाकीच्या वेगवेगळ्या जागांचे शिंपले वेगवेगळे तपासायचे राहिले होते. दुपारच्या सुट्टीत मी ट्रे घेऊन खाली गेले. वरून मास्तरांच्या डब्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता, त्याचा आधार वाटला. कडी काढली. दिवा लावला.

दिवा लागला की शिंपले सगळे उघडे असायचे. आज काही उघडे होते, काही मिटलेले. मिटलेले इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. टाकीच्या मध्यावर ते एकत्र होते, आणि त्यांच्याभोवती उघड्यांची स्वच्छ कड होती.

आधी मला फक्त डाग दिसला. मग मी जरा बाजूला सरकले आणि त्याला आकार आला. डोकं. मान. टाकीच्या काठावर टेकलेले दोन हात. वाकून पाण्यात बघणाऱ्या माणसाची सावली पडावी तशी, पण सावली नव्हतीच. दिव्याचा उजेड वाळूवर सगळीकडे सारखा पडला होता. फक्त तेवढ्या जागेतल्या शिंपल्यांनी ती आहे असं धरलं होतं.

एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. डावा.

हात काठाच्या अलीकडच्या बाजूला टेकलेले होते. म्हणजे जे कोण वाकलं होतं ते माझ्या बाजूला उभं होतं. मी जिथे उभी होते तिथेच, किंवा माझ्या अगदी शेजारी. मी मान वळवली नाही. पाण्याकडेच बघत राहिले. बघता बघता डोक्याच्या जागेचे शिंपले हळूहळू उघडायला लागले आणि शेजारचे, माझ्या बाजूचे, मिटायला लागले. वाकलेलं डोकं माझ्याकडे वळत होतं.

ट्रे तिथेच राहिला.

जिन्यात मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. ते तराफ्यावर असले की फोन घरी असतो.

६

साहेबांना मी त्या आकाराचं काही सांगितलं नाही. आकडे सांगितले.

"म्हणजे स्वच्छ पाण्यातल्या, स्वच्छ अन्न खाणाऱ्या शिंपल्यांत विष आहे," ते म्हणाले. "आलं कुठून?"

"माहीत नाही, सर."

"तेच लिहायचं का? कुठून आलं माहीत नाही?"

"हो. तेच लिहायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहिणं हेच आपलं काम आहे. खाडी उघडू नका."

त्यांनी गोळ्यांची पट्टी उगाच उलटसुलट केली. "उशीर झाला हो. सकाळीच निरोप गेला. खाडी उघडली. लोक होड्या घेऊन गेलेसुद्धा."

"तुम्ही मला एक चाचणी करू देणार होतात."

"मी लवकर म्हणालो होतो. मास्तरांनी नियमाप्रमाणे आकडा दिला, मी सही केली." मग आवाज मऊ झाला. "दमलाय तुम्ही. त्या तळघरात दिवसदिवस बसता. पुढच्या खेपेला परत बघू ना. एका खेपेने काय होतंय?"

मी पर्स उचलली आणि निघाले. मास्तर दारापर्यंत मागे आले. "मॅडम, खालचा दिवा चालू ठेवून आलात," त्यांनी चूक काढली. "मी बंद करून येतो."

"जाऊ नका खाली."

"बिल कोण भरणार?" असं म्हणत ते जिना उतरले. त्यांना अडवायला मी थांबले नाही. मला बस गाठायची होती.

७

घरात शिरले तेव्हा ऊन अजून खिडकीतून आत येत होतं. बाबा टेबलाशी बसले होते, खिडकीकडे तोंड करून. समोर वाफाळतं ताट, उकडून उघडलेल्या शिंपल्यांचं. खाल्लेलं नव्हतं अजून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि आधी फक्त श्वास घेतला.

"अरे वा," ते म्हणाले. "वासाने आलीस की काय इतक्या लांबून?"

"खाऊ नका, बाबा."

"का? तुझाच कागद आलाय. सगळ्या खाडीला वाचून दाखवला."

"कागद चुकलाय."

"सकाळी बरोबर होता, आता चुकला? मग उद्या काय?" ते चिडले नव्हते, कोडं सोडवत होते. "हे बघ, बाहेर सगळ्यांनी दोर ओढलेत. माझी लेक तिथे बसलीय म्हणून ओढलेत. आता मीच खाल्लं नाही तर त्यांना काय सांगू? तू सांगतेस? काय सांगशील?"

मी काय सांगणार होते? शिंपल्यांनी तुमचा खांदा दाखवला? मी पुरावा मानणारी बाई आहे. बाबाही तसेच, त्यांचं पातेलं म्हणजे दुसरं काय होतं? मला पुरावा हवा होता आणि तो ताटात होता. थोडं खाल्लं तर जीव जात नाही, ओठांना मुंग्या येतात एवढंच. मुंग्या आल्या की बाबा ऐकतील, आणि बाबांनी गल्लीत जाऊन सांगितलं की सगळी खाडी ऐकेल. माझं सगळं शिक्षण मला हेच सांगत होतं.

"तुमच्याऐवजी मी खाते," मी म्हणाले. "मोजके. मुंग्या आल्या तर मी सांगेन."

"आणि नाही आल्या तर?"

"तर तुम्ही जेवा."

"आईला कळलं तर दोघांना घराबाहेर काढेल," ते म्हणाले आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

मी थोडे खाल्ले. गोडसर होते, लहानपणी लागायचे तसेच. मग ताट परत मधे ठेवून, पाठ टेकून बसले आणि ओठांकडे लक्ष दिलं. बाबा इकडचं तिकडचं बोलत राहिले. तराफ्याचा एक बांबू मोडलाय. मावशीचा गुडघा. शेजारच्यांच्या कुत्र्याला माणूस ओळखू येत नाही पण पोस्टमन ओळखू येतो. मी ओठ दाबून बघितले. मुंग्या नव्हत्या. बाबा बोलत होते आणि मुंग्या नव्हत्या, आणि मला इतकं हलकं वाटलं की हसताहसता रडू येईलसं झालं. काहीच नव्हतं. मी चुकले होते. मी ते त्यांना सांगायला गेले.

तोंड उघडलं नाही.

जीभ तिथेच होती, तिचं वजन कळत होतं. मी हात उचलायला गेले. हात मांडीवर पडलेला मला दिसत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मुंग्या आल्याच नव्हत्या. मुंग्यांची पायरी विषाने गाळलीच होती. मी खुर्चीत ताठ बसले होते, चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं. ते मला गालांत जाणवत होतं, आणि मला ते पुसता येत नव्हतं.

"काय मग, डॉक्टरीणबाई?" बाबा म्हणाले. "मुंग्या?"

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे तेवढे माझे होते. त्यांत मी जे घालता येईल ते सगळं घातलं.

"नाहीत ना? मला ठाऊक होतं." त्यांनी ताट ओढून घेतलं. "खोट काढायची असती तर एव्हाना व्याख्यान सुरू झालं असतं. गप्प आहेस म्हणजे ठीक आहे."

ताटावरचा उजेड जरा कमी झाला. बाबा उजेडाकडे तोंड करून बसले होते; त्यांची सावली त्यांच्या पाठीमागे, भिंतीवर होती. खिडकीत कुणी नव्हतं. तरी ताटाच्या खिडकीकडच्या बाजूपासून अंधार हळूहळू पुढे आला, शिंपल्यांवरून, बाबांच्या बोटांवरून, आणि थांबला. त्यांना तो दिसला नाही. भूक लागली होती त्यांना.

त्यांनी सगळ्यांत मोठा शिंपला निवडला, गरम होता म्हणून त्यावर फुंकर घातली, आणि माझ्याकडे बघून, आता तरी पटलं ना अशा भुवया उडवल्या.